खेकड्याची मालकी

सुगंधाची बोटं अजून डायमध्येच होती आणि आवटे मिस्त्री नारळ आणायला माणूस धाडत होता.

गाडी कुणाला सुचली नाही असं नाही. साहेबांची गाडी दारातच उभी होती. पण तिच्या सीटांना नवी कव्हरं घातलेली, म्हणून ड्रायव्हर आत विचारायला गेला तो आतच राहिला. शेवटी माल नेणाऱ्या टेंपोत, पत्र्याच्या पेट्यांवर गोणपाट टाकून, आम्ही तिला निजवली. हात एप्रनमध्ये गुंडाळलेला. ती ओरडत नव्हती. टेंपोचा फाळका लावताना तिनं मला एवढंच विचारलं, "भागवतभाऊ, मी नीटच चालवत होते ना?"

मी शेजारच्या प्रेसवर होतो. सगळं पाहिलं होतं. नीटच चालवत होती.

हे समजायला आमचं काम थोडं सांगायला पाहिजे. पॉवर प्रेस म्हणजे वरून घण पडणारं मशीन. खाली डाय, म्हणजे साचा, त्यात पत्रा ठेवायचा, घण पडतो, पत्र्याचा कप नाहीतर ब्रॅकेट होऊन निघतं. त्याला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, लांब लांब. दोन्ही एकदम दाबली तरच घण पडतो. म्हणजे घण पडताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर, डायच्या बाहेर. मशीन बनवणाऱ्याला एवढी अक्कल होती.

आमचे मालक रायरीकर साहेब, त्यांना त्याहून जास्त होती. दोन्ही हात बटणांवर अडकले की पत्रा सरकवायला वेळ जातो. म्हणून त्यांनी टूलरूममध्ये लोखंडाचे चिमटे बनवून घेतले. चिमटा डाव्या बटणावर चढवून दोन बोल्टनी आवळला की ते बटण कायम दाबलेलंच. मग उजव्या हातानं बटण मारायचं आणि डाव्या हातानं पत्रा सरकवत राहायचं. माल दीडपट निघायचा. त्या चिमट्याला आम्ही खेकडा म्हणायचो. तपासणीला सरकारी साहेब येणार असले की आदल्या दिवशीच वर्दी मिळायची, आणि मिस्त्री सगळे खेकडे उतरवून कपाटात बंद करायचा. साहेब चहा पिऊन गेले की खेकडे परत मशीनवर. ज्याला खेकडा नको त्यानं गेटबाहेर उभं राहावं, बाहेर माणसं खूप आहेत, असं मिस्त्री रोज सांगायचा.

सुगंधा खरात ठेकेदारामार्फत आलेली कामगार. कंपनीच्या पटावर तिचं नाव नव्हतं. नवरा सोडून गेलेला, दोन पोरी. त्या दिवशी तिचा डावा हात आत होता आणि उजव्या हाताचा कोपर बटणाला लागला. एवढंच झालं.

आता नारळाचं. आमच्याकडे रीत आहे, मशीनला रक्त लागलं की त्यावर कुणी लगेच काम करत नाही. मशीन रॉकेलनं पुसायचं, पाण्यानं धुवायचं, हळद-कुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, लिंबू बांधायचं, मग चालू करायचं. ही रीत कामगारांचीच. मालकाला कधी सांगावं लागलं नाही. उलट अपघात झाला की नारळाचे पैसे ऑफिसातून चटकन मिळायचे. चष्मा नसताना डोळ्यात कण गेलेल्याला औषधाचे मिळायचे नाहीत, पण नारळाचे मिळायचे. त्या दिवसापर्यंत मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या दिवशी दिसलं, कारण मिस्त्री एका हातानं फडकं फिरवत होता आणि त्याच्या दुसऱ्या हातात पाना होता.

"पाना कशाला?" मी विचारलं.

"मशीन धुवायचंय ना. वरचं सामान काढायला नको?"

"खेकडा काढताय तुम्ही."

"भागवत, तू तुझ्या मशीनवर जा."

मी गेलो नाही. म्हटलं, पोलीस येतील, फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल, त्यांना आहे तसं दिसू दे. तर मिस्त्री काही बोलायच्या आत माझीच माणसं माझ्यावर उलटली. लेथवरचा एक जण म्हणाला, रक्ताचं मशीन तसंच ठेवून आणखी कुणाचा बळी घ्यायचाय का तुला. दुसऱ्यानं माझी जात काढली नाही, पण गाव काढलं, आणि आमच्या गावाकडची माणसं कशी देवधर्माला जुमानत नाहीत ते सगळ्यांना ऐकवलं. पॅकिंगच्या बायका तर रडत होत्या आणि रडता रडता मलाच शिव्या देत होत्या. उद्या प्रेसवर लावलं तर ज्यांच्या डाव्या बटणावरही तोच खेकडा बसणार होता, ती ही माणसं.

नारळ आला. सगळ्यांनी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. आवटे मिस्त्रीला पूजेला बसावंच लागलं, कारण दर वेळी तोच बसायचा. पाना त्यानं शेजारी ठेवला.

मी तो उचलला. दोन बोल्ट होते. एक सैल होता, एकाला जोर लागला. नारळ फुटला तेव्हा खेकडा माझ्या हातात होता, रक्तासकट.

लपवला नाही. लपवून काय उपयोग, गेटवर रोज प्रत्येकाचा डबा उघडून बघायचे. आमच्या कारखान्यात पितळेच्या चुऱ्यावर फार लक्ष. मी तो हातातच धरून गेटकडे चालू लागलो. पोलीस चौकी रस्त्यापलीकडे होती. नेऊन टेबलावर ठेवायचा, बाकी काही डोक्यात नव्हतं.

वॉचमननं अडवलं. मागून मिस्त्री धावत आला, त्याच्या मागून साहेब. रायरीकर साहेब कधी ओरडायचे नाहीत. माणूस इतका मृदू बोलायचा की नवीन आलेल्याला वाटावं देव भेटला.

"काय आहे ते, भागवत?"

"खेकडा."

"कंपनीची वस्तू आहे ती. कंपनीची वस्तू गेटबाहेर नेणं याला काय म्हणतात, ठाऊक आहे ना?"

"बाईची बोटं घेणं याला काय म्हणतात?"

ते हसले. ऑफिसकडे वळून क्लार्कला म्हणाले, "नेहमीची फिर्याद काढ. नाव याचं घाल."

नेहमीची म्हणजे काय ते सांगतो. जो कामगार तोंड वर करील, युनियनचं नाव घेईल, थकलेला ओव्हरटाइम मागेल, त्याच्यावर रायरीकर चोरीची फिर्याद टाकायचे. मजकूर कॉम्प्युटरवर तयारच असायचा. नाव आणि वस्तू बदलली की झालं. कधी पितळेचा चुरा, कधी बेअरिंग, एकदा तर एका म्हाताऱ्या वेल्डरवर दोन किलो नटबोल्टची टाकली होती. वेल्डर आठवडाभर आत राहिला, बाहेर आला तेव्हा राजीनामा घेऊनच आला. हत्यार चांगलं धारदार होतं, आणि साहेबांना त्याची सवय लागली होती. विचार न करता हात जायचा.

पोलिसांनी मला उचललं. गेटवरच पंचनामा झाला. पंच म्हणून साहेबांनी स्वतःचाच ड्रायव्हर दिला, तोच, जो आत गेला तो आतच राहिला होता. खेकडा कागदात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून, लाखेची मोहोर मारून सील झाला.

ठाण्यात फौजदार मोकाशी होते. मारलं नाही, खोटं कशाला बोलू. पण माणूस माझ्याकडे असा बघत होता, जसा आपण चुकीच्या टेबलावर आलेल्या फायलीकडे बघतो. मी त्यांना सुगंधाचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, आधी ते लिहा.

"ते अपघातात घेतलंय," मोकाशी म्हणाले. "ठेकेदारानं वर्दी दिली. बाईनं स्वतःच बटणात काडी खोचली होती म्हणे."

"काडी नव्हती, हे होतं. आणि अपघात नाही तो, गुन्हा आहे."

"बरं, गुन्हा समज. कुठला? निष्काळजीपणानं गंभीर दुखापत. जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि जामीनपात्र. साहेब इथे येतील, सही करतील, चहा घेतील, घरी जातील. आणि तुझा कुठला? नोकरानं मालकाची वस्तू चोरणं. सात वर्षांपर्यंत, बिनजामिनी. तू घरी जाणार नाहीस."

"म्हणजे चार बोटांपेक्षा लोखंडाचा तुकडा मोठा?"

"कायदा मी केला नाही. इंग्रजांनी केला. त्यांच्या घरात नोकर खूप होते," मोकाशी म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं.

तेव्हा जुनी कलमं होती. आता नवी आली आहेत, आकडे बदललेत. मी तेव्हापासून कायद्याची पुस्तकं रद्दीतून आणून वाचतो, शाळा आठवीतच सुटली होती. धंद्यातले गुन्हे मोजायला बसलो की माझं डोकं फिरतं. अफरातफर, लाच, भेसळ, खोटा छाप, खोटा हिशेब, प्रत्येकाला वेगळा कप्पा. पण कप्पा कुठला, हे काय केलं त्यावर ठरत नाही फक्त. कुणी केलं त्यावरही ठरतं. वरच्यानं केलं की ती चूक, नियमभंग, दंड भरून मिटणारी बाब. खालच्यानं केलं की बेडी.

जामीन पहिल्या खेपेला नाकारला. मला जेलमध्ये टाकलं. भेटीला बायको आली, तारा. जाळीपलीकडून तिनं आधी मला पोटभर फैलावर घेतलं. घरात पीठ नाही, घरमालक दार वाजवतोय, आणि तुला परक्या बाईच्या बोटांची पडलीय, असं बरंच. मी ऐकून घेतलं, ती खरंच बोलत होती. मग खाली बसली आणि सुगंधाचं सांगितलं. चार बोटं गेली. ठेकेदार आणि ऑफिसचा क्लार्क हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून असतात. एका कागदावर अंगठा मागतायत. मीच बटणात काडी खोचली, माझीच चूक, असं त्यावर लिहिलंय. अंगठा दिला तर हॉस्पिटलचं बिल भरतो म्हणतात.

"दिला?"

"नाही अजून. पण देईल. पोरी उपाशी आहेत. आणि अंगठा दिला की नुकसानभरपाई संपली म्हणतात. ज्यानं मशीनची सुरक्षा स्वतः मोडली त्याला काही मिळत नाही."

"तिला सांग, खेकडा होता."

"तिला ठाऊक आहे की. पण खेकडा कुठाय आता? कारखान्यात एकाही मशीनवर नाही. सगळे रात्रीत वितळवले. काम करणारे म्हणतात, असलं काही आम्ही कधी बघितलंच नाही."

त्या रात्री माझी हिंमत गेली, हे मान्य करतो. सुगंधा अंगठा देणार, मी सात वर्षं सडणार, आणि रायरीकर नव्या मशीनला हार घालणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग ॲडव्होकेट सबनीस आले. कंपनीचे वकील. मोठं नाव. असा माणूस माझ्यासारख्याला भेटायला जेलमध्ये येतो, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. पण आधी वाटलं, धमकी द्यायला आले असतील.

धमकी नव्हती. गोडी होती. साहेबांचा राग शांत झालाय, म्हणाले. रागाच्या भरात झालं सगळं. फिर्याद मागे घ्यायला साहेब तयार आहेत. तडजोडीचा अर्ज आणलाय, दोघांच्या सह्या झाल्या की कोर्ट परवानगी देईल. मला परत कामावर घेतील, बुडालेला पगार देतील, वर काहीतरी.

"आणि खेकडा?" मी विचारलं.

"कोणता खेकडा?"

"सील केलेला. तो कुठे जाईल?"

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. "केस मिटली की मुद्देमाल ज्याचा त्याला परत जातो. ही नेहमीची पद्धत आहे."

एवढं बोलून ते गप्प बसले असते तर कदाचित मी सही केली असती. ताराचा चेहरा समोर होता. पण त्यांनी घाईनं पुढे जोडलं, "आजच सही झाली तर बरं."

काल मला गाडायला निघालेला माणूस आज मला बाहेर काढायला घाई करत होता. मला कायदा कळत नव्हता, पण घाई कळते. आठवड्याच्या बाजारात गाय विकणाऱ्याची घाई मी लहानपणापासून बघितलीय. मी फिर्यादीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी टाळलं. मी हट्टच धरला, नाहीतर सही नाही. मग वाचलं, भराभर. त्या ठरलेल्या मजकुरात एक ठरलेलं वाक्य होतं, दर वेळी असायचं: सदर वस्तू आमच्या टूलरूममध्ये तयार केलेली असून आमच्या मालकीची आहे व आमच्या उत्पादनात वापरली जाते. खाली रायरीकरांची सही.

मी ते परत वाचायला लावलं.

"मी सही करत नाही," मी म्हटलं.

"अरे, तू आरोपी आहेस. तुला सोडतायत."

"मला सोडू नका."

"डोकं ठिकाणावर आहे का? चोर म्हणून शिक्का बसेल. पोरांना शाळेत चिडवतील."

"बसू दे. मी चोरीच केलीय. त्यांची वस्तू होती, मी घेतली."

सबनीस उठले. जाताना म्हणाले, तुझ्यासारखी माणसं स्वतःचं घर जाळून दुसऱ्याला उजेड दाखवतात आणि मग अंधारात बसतात. वाक्य चांगलं होतं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या साहेबांकडून बिल घेताना याचंही लावा.

ताराला मी निरोप धाडला, सुगंधाला सांग, अंगठा देऊ नको, साहेबांनीच खेकडा लाखेत घालून ठेवलाय. सुगंधानं उलटा निरोप धाडला: मी तुझ्या भरवशावर पोरींना उपाशी ठेवते आहे, हे लक्षात ठेव, आणि मधेच गळालास तर तोंड दाखवू नको. मला तो निरोप आवडला. गयावया नव्हती त्यात.

पुढे दुसऱ्या खेपेला जामीन मंजूर झाला, मेव्हणा जामीनदार राहिला आणि मी बाहेर आलो. खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेट बाई होत्या, बारीक अंगाच्या, नाकावर चष्मा, कुणाकडे बघून हसायच्या नाहीत. मला सरकारनं दिलेला मोफत वकील होता, तोही मला तडजोड कर म्हणायचा. शेवटच्या तारखांना तो यायचाच बंद झाला.

रायरीकर पिंजऱ्यात आले, साक्षीला. इतका वेळ त्यांनी प्रत्येक तारखेला आजारपणाचा दाखला दिला होता. बाईंनी सांगितलं, आता दाखला आला तर वॉरंट जाईल. सील फोडून खेकडा टेबलावर ठेवला. गंज चढला होता. लाखेचा तुकडा एका बोल्टच्या भोकात अडकलेला.

सरकारी वकिलानं विचारलं, वस्तू ओळखता का. साहेबांनी वाकून बघितलं, मग मागे बसलेल्या सबनीसांकडे.

"तिकडे काय बघता?" बाई म्हणाल्या. "वस्तू इकडे आहे."

"बरीच जुनी गोष्ट आहे, मॅडम. अशा वस्तू बाजारात मिळतात. आमचीच आहे असं खात्रीनं..."

"फिर्यादीत खात्रीनं सांगितलंय तुम्ही. सहीही तुमची. वस्तू तुमची नसेल तर एका माणसाला तुम्ही खोट्या फिर्यादीवर जेलमध्ये घातलंत. तो वेगळा गुन्हा आहे. विचार करून उत्तर द्या."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पश्चात्ताप नव्हता, भीतीही नव्हती. माणूस भाव करत होता. खोट्या फिर्यादीचा डाग एकीकडे, निष्काळजीपणाचं जामीनपात्र कलम दुसरीकडे. स्वस्त कुठलं, एवढंच. आयुष्यभर जे केलं तेच पिंजऱ्यात उभं राहून केलं.

"आमची आहे," ते म्हणाले.

"कशासाठी वापरता?"

"प्रेसवर. बटणाला." आवाज तसाच मृदू.

मला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचंय का. मी म्हटलं, नाही. गुन्हा कबूल आहे का? म्हटलं, आहे. मशीनवरून मी काढली. त्यांचीच होती. बाईंनी मला दोनदा समजावलं, कबुलीनं शिक्षा होईल, कळतंय का. म्हटलं, कळतंय.

पुढचं आधीच सांगून टाकतो, उगीच उत्सुकता नको. मला सहा महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले काही आधीच भोगले होते. रायरीकरांवर नंतर गुन्हा दाखल झाला, ते ठाण्यात आले, सही केली, चहा घेतला, घरी गेले. बऱ्याच वर्षांनी दंड झाला, त्यांनी तो चेकनं भरला. सुगंधाला भरपाई मिळाली. ठेकेदाराच्या वकिलानं काडीची गोष्ट पुन्हा काढली होती, पण तिच्या वकिलानं माझ्या खटल्याच्या निकालाची नक्कल पुढे ठेवली आणि ती गोष्ट तिथेच मेली. मला त्यानंतर त्या एमआयडीसीत कुणी उभं केलं नाही. मी आता रिक्षा चालवतो. माझ्या नावापुढे चोर लागलंय ते कागदोपत्री खरं आहे.

पण मला आठवतो तो निकालाचा दिवस. कोर्टात मिस्त्री होता, ड्रायव्हर होता, सबनीस होते. रायरीकर पुढच्या बाकावर मोबाइल उपडा ठेवून बसलेले. सुगंधा मागे उभी होती, पदराखाली हात. बाईंनी विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचंय?

मी म्हटलं, "शिक्षा द्या. फक्त निकालात वस्तूचं वर्णन पुरं लिहा. चिमटा एवढंच लिहू नका."

सरकारी वकील हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्टेनोकडे बघून खुणावलं आणि सांगायला सुरुवात केली. प्रेस मशीनचं डावं बटण कायमस्वरूपी दाबून ठेवण्यासाठी. फिर्यादीच्या कारखान्यात तयार केलेली. फिर्यादीच्या मालकीची. फिर्यादीच्या उत्पादनात वापरली जाणारी. स्टेनोची बोटं चालत होती. घटनेच्या वेळी जखमी कामगार महिलेच्या मशीनवर बसवलेली, आणि जिच्यावर पंचनाम्याप्रमाणे रक्ताचे डाग.

रायरीकर उठून उभे राहिले. मोबाइल खिशात टाकला.

"बसा," बाई मान वर न करता म्हणाल्या. "वर्णन अजून संपलेलं नाही."